दारू, लिव्हर आणि तिसरी रात्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक आहे. खालचे प्रश्न माझ्या कानावर जवळजवळ रोज पडतात. विचारणारी बहुतेक वेळा बायको किंवा आई असते, पिणारा बाहेर कडुनिंबाखाली बसलेला असतो आणि प्रश्न केसपेपर हातात घेऊन उठता उठता, आवाज खाली आणून विचारला जातो. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली. ज्याला जो प्रश्न लागू असेल तो त्यानं वाचावा. मात्र घरातला रोज पिणारा माणूस 'उद्यापासून बंद' म्हणत असेल, तर आधी तिसऱ्या रात्रीचा प्रश्न वाचा.

'रोज एक पव्वाच तर घेते. तेवढ्यानं काय होते?'

पव्वा म्हणजे १८० मिली. देशी दारूत अल्कोहोल साधारण ४२ टक्के असतं. हिशेब मांडला तर एका पव्व्यातून ६० ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. डॉक्टर १० ग्रॅमला एक माप धरतात. म्हणजे 'एकच' म्हणणारा माणूस सहा मापं घेऊन झोपतो. ६५० मिलीची स्ट्राँग बिअरसुद्धा चार मापांवर जाते, त्यामुळे 'मी फक्त बिअरवाला' या बोलण्यातही दम नाही. दारूचं अमुक प्रमाण सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

घरच्यांनी मापाइतकंच घड्याळाकडे पाहावं. संध्याकाळची दारू सकाळवर आली की दुखणं वेगळ्या वळणावर गेलंय असं समजा. सकाळी कप धरला की चहा बशीत सांडतो आणि घोटभर घेतल्यावर तोच हात स्थिर होतो. एका माणसानं मला सांगितलं होतं, 'हात थरथरते म्हणून घेतो जी, शौक नाही राहिला आता.' त्याचा आजार त्याला आमच्यापेक्षा नीट कळला होता.

'आमचा आजा ऐंशीपर्यंत पेला, त्याले काही झालं नाही.'

होऊ शकतं तसं. खूप पिणाऱ्या सगळ्यांचंच लिव्हर कडक होत नाही. कुणाचं होईल हे आधी सांगता येत नाही, अडचण तिथंच आहे. बाईमाणूस, लठ्ठ किंवा शुगर असलेला माणूस, हिपॅटायटिस बी किंवा सी असलेला माणूस, यांचं लवकर बिघडतं. आजा जगला म्हणून त्याची गोष्ट सांगायला उरली. त्याच्या पंगतीला बसणारे किती जण चाळिशीत गेले, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहा.

मोहाची दारू झाडाची, म्हणजे शुद्ध. तिचा त्रास कमी असतो ना?

मोहफुलं सडवून, गाळून जे उतरतं त्यातही तेच अल्कोहोल असतं. लिव्हरला ते मोहाचं की उसाच्या मळीचं, हे कळत नाही. शिवाय गाळलेल्या दारूची ताकद दर खेपेला वेगळी. पहिल्या धारेची आणि शेवटच्या धारेची एक नसते, त्यामुळे 'दोन गिलास' म्हणजे नेमकं किती हे पिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रानात, सणाला, देवाला मोहाची दारू चढवण्याची रीत जुनी आहे, त्या रीतीशी माझं भांडण नाही. पण सण वर्षातून किती आणि प्यायचे दिवस किती, हा हिशेब घरी बसून करण्यासारखा आहे.

खरी भीती भेसळीची. विकायची म्हणून केलेल्या हातभट्टीत काय काय घातलं जातं याला धरबंध नाही, आणि कुणी मिथेनॉल मिसळलं तर ते जिवावर उठतं. त्याचा घात असा की पहिले काही तास साधी नशा वाटते. बारा-चोवीस तासांनी पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास जोरात चालतो, नजर अंधुक होते, डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं वाटतं. अशा वेळी 'उतरेल झोपल्यावर' म्हणू नका. लगेच १०८ ला फोन करा, आणि त्याच्यासोबत त्याच ठिकाणची प्यालेल्यांना, ते धडधाकट दिसत असले तरी, दवाखान्यात घेऊन या. वेळेत उपचार मिळाले तर डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात.

लिव्हर बिघडतंय हे आधी कळतं का?

लिव्हर फार सोशिक अवयव आहे, आणि तोच त्याचा दोष. पहिल्या टप्प्यात त्यात चरबी साठते. दुखत नाही, खुपत नाही. सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' लिहून येतं आणि कागद घडी घालून पिशवीत जातो. खरं तर सगळ्यात स्वस्तात सुटण्याची जागा हीच. या टप्प्यावर दारू थांबली तर बहुतेकांचं लिव्हर काही आठवड्यांत पूर्ववत होतं.

पुढचा टप्पा सुजेचा. भूक मरते, सकाळी कोरड्या उलट्या होतात, ताप येतो, डोळे पिवळे होतात. ही सूज जोरात आली तर महिन्याभरातही माणूस जाऊ शकतो, मग वय तिशीचं का असेना. त्यानंतर सिऱ्होसिस : लिव्हरमध्ये जागोजाग व्रण पडून ते कडक होतं. तेव्हाही पुष्कळांना वरून काही दिसत नाही. दिसतं ते असं. तळहात लाल होतात, दंडाच्या काड्या होतात आणि पोट पुढे येतं, पुरुषाची छाती बाईसारखी वाढते, पायावर बोट दाबलं की खळगा राहतो, साध्या दाढीच्या कापाचं रक्त लवकर थांबत नाही.

लिव्हरसाठी रक्त तपासतात त्यात एसजीओटी आणि एसजीपीटी असे दोन आकडे असतात. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त आलं की डॉक्टरांना दारूचा संशय येतो. पण तपासणी नॉर्मल आली म्हणजे लिव्हर ठणठणीत, असा अर्थ काढू नका. सिऱ्होसिसमध्येही हे आकडे नॉर्मल येऊ शकतात. असा रिपोर्ट घरी नेऊन 'पाहा, डॉक्टरनं पास केलं' म्हणणारे मी पाहिलेत.

कावीळ झाली आहे. माळ घातली, झाडूनही आणलं. दवाखान्यात यायलाच हवं का?

हवं. पाण्यातून होणारी कावीळ बऱ्याचदा आपोआप उतरते, आणि श्रेय माळेला जातं. दारूची कावीळ तशी उतरत नाही. माळ घालायची तर घाला, पण रक्त त्याच दिवशी तपासा. झाडपाल्याचं औषध मात्र आधीच सुजलेल्या लिव्हरवर ओतू नका. त्यातली काही औषधं लिव्हरलाच बाधतात.

'पोटात पाणी झालं. एकदा काढलं की बरा होईन ना?'

पाणी काढल्यानं श्वास मोकळा होतो, दोन घास जातात. पण पाणी हे लक्षण आहे. लिव्हर कडक झाल्यामुळे रक्ताला वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं आणि पोटात पाझरतं. लिव्हर तसंच राहिलं तर पाणी पुन्हा भरतं.

दारू बंद झाली तर या टप्प्यावरसुद्धा फरक पडतो, आणि थोडाथोडका नाही. ज्यांच्या पोटातून दर पंधरा दिवसांनी पाणी काढावं लागायचं त्यांची खेप महिन्यांवर गेलेली मी पाहिली आहे. दुसरी गोष्ट मिठाची. आपल्याकडे वरणभात जिभेला लागत नाही म्हणून सोबत ठेचा, लोणचं, पापड येतो. पोटात पाणी असलेल्या माणसाचं ताट यांच्यावाचून लावावं लागतं. घरच्यांना हे दारू बंद करण्याइतकंच कठीण जातं, हेही खरं. उपाशी मात्र ठेवू नका. अशा माणसाला प्रथिनं लागतात. वरण, अंडी, दही चालतं, आणि रात्री झोपताना काहीतरी खायला द्यावं.

तीन गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट पाहायची नाही. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच. ताप येऊन पोट दुखणं. आणि वागण्यात फरक : दिवसभर झोपतो, रात्री जागतो, ओळखीच्या माणसाला भलत्याच नावानं हाक मारतो. शेवटच्या प्रकाराला घरचे 'दारू डोक्यात गेली' म्हणतात. ती लिव्हरला न झेपलेली विषारी द्रव्यं मेंदूपर्यंत गेल्याची खूण असते, आणि नुसत्या बद्धकोष्ठानंही ती वाढते.

वर पोटात असं दुखतं की माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसतो, पाठीपर्यंत कळ जाते. गॅस असेल?

स्वादुपिंडाची सूज असू शकते. गॅसची गोळी, सोडा, शेक यात रात्र घालवू नका. ही सूज पुन्हा पुन्हा आली तर शुगरचा आजार कायमचा मागे लागू शकतो.

दारूसोबत तंबाखू-सुपारीचा खर्रा चालतो. एवढ्यातेवढ्यानं कॅन्सर होतो का?

दारू ही एकटीसुद्धा तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, आतडं आणि बाईच्या स्तनाच्या कॅन्सरचं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच तिला कॅन्सरकारक ठरवलं. तंबाखूची जोड मिळाली की तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड उघडायला त्रास असेल तर दाखवून घ्या.

'माळ घातली, शपथ घेतली, दारू बंद केली. तिसऱ्या रात्री त्याले भूत लागलं.'

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि दुर्दैवानं सगळ्यात उशिरा विचारला जाणारा.

घडतं ते असं. रोज सकाळपासून पिणारा माणूस घरच्यांच्या आग्रहानं एकदम बंद करतो. पहिल्या दिवशी घाम, थरथर, मळमळ, झोप नाही. घरचे म्हणतात, निघते दारू अंगातली. पहिल्या दोन दिवसांत कधीतरी फिट येऊ शकते. दुसऱ्या दिवसानंतर, बहुधा तिसऱ्या-चौथ्या रात्री, तो अंथरुणावरून किडे वेचायला लागतो. भिंतीवर माणसं दिसतात, शेतात बैल सुटले म्हणून तो दार उघडून धावतो, अंगाला हात लावला तर चटका बसावा इतका ताप असतो. मग मांत्रिक येतो, लिंबू येतं, धूप होतो. एका घरी त्याला बाजेला दोरानं बांधून ठेवलं होतं. आणला तेव्हा मनगटावर वळ होते, ओठ सुकून फुटले होते आणि तो हवेत कापूस वेचत होता. एक एक बोंड नीट, दोन बोटांनी, कमरेच्या ओटीत टाकत होता. वेचणीचे दिवस होते.

हे भूत नसतं. रोजच्या दारूची सवय झालेल्या मेंदूचा आधार एकदम काढून घेतल्यावर तो असा उसळतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार नसतील तर यात माणूस मरू शकतो. वेळेवर दाखल केलं तर बहुतेक जण काही दिवसांत शुद्धीवर येतात, आणि त्या रात्रीतलं त्यांना फारसं आठवतही नाही.

म्हणून, सोडायची आहे ना, तर आधी दवाखान्यात या आणि मग सोडा. पोळ्यानंतर, एकादशीला, मुलीच्या लग्नाआधी, मुहूर्त कुठलाही असू द्या. माळ घालायला जाण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरला भेटा. आधी कधी फिट आलेली, वय झालेलं, लिव्हर खराब असलेलं किंवा घरी सोबत कुणी नसलेलं माणूस असेल तर दाखलच व्हावं लागतं. बाकीच्यांना गोळ्या देऊन घरीही सांभाळता येतं, रोज तपासणी मात्र हवी. आणि घरी फिट आलीच, किंवा माणूस बरळायला लागला, तर १०८.

नशा उतरवायला सलाईन लावतात. बरं असतं का ते?

सलाईननं दारू उतरत नाही, ती लिव्हरच्या चालीनंच उतरते. उलट एक धोका आहे. जेवण सोडून पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व संपलेलं असतं. अशात आधी नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते : डोळे नीट फिरत नाहीत, चाल लटपटते, पुढे नवीन काही लक्षात राहत नाही, आणि ते कायमचं राहू शकतं. म्हणून गावातल्या डॉक्टरलाही बिनसंकोच सांगा की हा रोज पितो, आधी बी-१ चं इंजेक्शन द्या.

चहात किंवा भाजीत गुपचूप घालायची पावडर मिळते. देऊ का?

नका देऊ. का ते सांगते.

एक बाई ओसरीवर उभी होती. आत तिचा नवरा स्ट्रेचरवर, तोंड लालबुंद, छाती धडधडत, उलट्या थांबेनात, बीपी खाली. प्यायला होता, पण रोजच्याइतकाच. काय झालं, कुणालाच कळेना. अर्ध्या तासानं तिनं पदराची गाठ सोडली आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यातली पुडी माझ्या हातात ठेवली. बाजारातून आणली होती, दोन आठवडे वरणात घालत होती. तिला वाटत होतं पोलीस येतील. तो वाचला.

अशा पुड्यांत अनेकदा डायसल्फिरम हे औषध असतं. ते चांगलं औषध आहे, आम्हीही देतो. पण घेणाऱ्याला माहीत असतं की यावर दारू प्यायली तर जीव धोक्यात येईल, आणि त्या माहितीवरच ते काम करतं. ज्याला माहीतच नाही तो पिणारच. औषध थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असा त्रास होऊ शकतो. हृदयाचा किंवा लिव्हरचा रुग्ण असेल तर परिणाम जिवावर बेततो. दिलं असेल तर ओरडा बसेल म्हणून लपवू नका. पुडी घेऊन या.

बाई पीत असेल तर?

तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही, म्हणून मी स्वतः हा प्रश्न टाकलाय. तेवढ्याच दारूनं तिचं लिव्हर पुरुषाच्या आधी खराब होतं. दिवस गेले असतील तर बाळाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो, आणि 'थोडीशी' म्हणून सूट नाही. आशाताईंना सांगता येईल. त्या गावात बोलत सुटतील ही भीती असेल तर थेट फोन करा, नंबर खाली आहेत.

नेमका उपचार काय असतो, आणि कुठे?

पहिला आठवडा शरीराचा. थरथर आणि फिट टाळणाऱ्या गोळ्या, बी-१, पाणी, जेवण. या गोळ्या मेडिकलमधून स्वतः आणून वर दारू घेऊ नका, श्वास मंदावतो. त्यानंतर तलफ कमी करणारी औषधं असतात. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, लिव्हर खराब असेल तर बॅक्लोफेन, कुणाला काय हे डॉक्टर ठरवतात. सोबत बोलणं, गटाच्या बैठका. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका फुकट असतात, आणि तिथं बोलणारा माणूस स्वतः त्यातून गेलेला असल्यामुळे माझ्यापेक्षा त्याचं जास्त पटतं.

जाण्याची जागा : आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. नागपूरचं मेडिकल, सेवाग्राम आणि यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग आहे. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी उपक्रमाचं काम चालतं. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही फुकट.

खासगी केंद्रात ठेवायचा विचार असेल तर डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे आधी जाऊन पाहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. मारहाण, साखळी, कोंडून ठेवणं हा उपचार नव्हे, तो गुन्हा आहे.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. डॉक्टरला सांगितलं तर केस होईल का?

वर्ध्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला लागली, २०२१ ला उठली. बंदी चांगली की वाईट यावर चावडीवर कितीही वाद घाला, इथं एवढंच सांगते : रुग्णानं स्वतःच्या पिण्याबद्दल सांगितलेलं डॉक्टर पोलिसांकडे घेऊन जात नाहीत. अपघात, विषबाधा, मारामारी असेल तर नोंद होते, ती कुठल्याही जिल्ह्यात होते. बंदीच्या गावात माणूस चोरून पितो आणि आजारही चोरूनच पोसतो, त्यामुळे आमच्याकडे तो पोटात पाणी घेऊनच येतो.

तो यायलाच तयार नाही. कसं बोलावं?

रात्री नाही. प्यालेल्या माणसाशी केलेलं भांडण सकाळी फक्त तुम्हालाच आठवतं. सकाळी, चहा झाल्यावर, लेकरं शाळेत गेल्यावर बोला. 'दारू सोड' हे त्यानं हजारदा ऐकलंय. 'पाय सुजले तुमचे, एकदा रक्त तपासून येऊ' हे ऐकायला तो तयार होतो. दारूसाठी येणारे थोडे, पाय सुजले म्हणून येणारे जास्त. आमचं काम तिथून सुरू होतं.

कापसाचा चुकारा आला, कर्जवाल्याचा फोन आला, घरात वाद झाला, अशा दिवसांत लक्ष ठेवा. नशेत माणूस जे करतो ते शुद्धीत करत नाही. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. 'मी मेलो तर सुटाल' असं तो म्हणाला तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ ला फोन करा.

सहा महिने सुटली होती, पोळ्याच्या पाडव्याला पुन्हा झाली. सगळं पाण्यात गेलं?

सहा महिने लिव्हरला मिळाले, ते कुठे जात नाहीत. पुन्हा प्यायला म्हणजे उपचार बदलायला हवा. त्याच आठवड्यात आणा. लाज वाटते म्हणून वर्षभर न येणारे जास्त आजारी होऊन येतात. आम्ही ओरडत नाही. खरं सांगायचं तर कधी कधी ओरडतो, पण केसपेपर काढतोच.

येताना काय आणायचं?

जुने रिपोर्ट, रिकामी गोळ्यांची पाकिटं, दिलं असेल तर झाडपाल्याचं औषध. शेवटची दारू कधी आणि किती घेतली हे कागदावर लिहून आणा, घटका मोजत असल्यासारखं नेमकं. त्यावरूनच आम्हाला फिट कधी येऊ शकते याचा अंदाज लागतो. आणि रात्री त्याच्या शेजारी जो झोपतो, त्याला सोबत आणा.